चांद्रदरीचे दर्शन आणि प्रमाणांचा प्रश्न

चंद्रावरच्या दरीचे ज्ञान दुर्बिणीतून पाहणाऱ्याला प्रत्यक्षाने होते की अनुमानाने, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेमक्या याच प्रश्नावरून ज्योतिष आणि धर्म यांच्यात खडाजंगी झाली, आणि भारतीय दर्शनांनी त्याच्या किती तरी शतके आधी, दुर्बिणीची कल्पनाही नसताना, त्या प्रश्नाला लागणारी बहुतेक सर्व तार्किक सामग्री सिद्ध करून ठेवली होती. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संबंधातून, जे निर्दोष ज्ञान उपजते ते प्रत्यक्ष, आणि एखाद्या खुणेवरून तिच्याशी नित्य जोडलेल्या न दिसणाऱ्या गोष्टीचे जे ज्ञान होते ते अनुमान, ही न्यायदर्शनाची सर्वपरिचित विभागणी आहे. चांद्रदरी या दोन्ही कप्प्यांच्या सीमेवर उभी राहते, म्हणूनच ती तत्त्वचिंतकाच्या कामाची आहे.

प्रथम निरीक्षकाच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते ते पाहणे आवश्यक आहे. दीडशे मिलिमीटर व्यासाचा आरसा असलेली परावर्तक दुर्बीण हौशी निरीक्षकांमध्ये सर्रास आढळते. तिची विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळच्या दोन बिंदूंना वेगळे दाखविण्याची शक्ती, पाऊण विकलेच्या आसपास असते. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, आणि चंद्राच्या अंतरावर एक विकला सुमारे १.९ किलोमीटर भरते, त्यामुळे हवा स्थिर असेल तर दीड किलोमीटरच्या आसपासचे तपशील या दुर्बिणीत सुटे होतात. १७२७ साली फ्रान्चेस्को बियान्किनी या इटालियन ज्योतिर्विदाने नोंदविलेली आल्प्स दरी सुमारे १६६ किलोमीटर लांब असून रुंद भागी ती दहा किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे शुक्ल अष्टमीच्या सुमारास ती साध्या दुर्बिणीतही सहज सापडते. प्लेटो या काळसर तळाच्या विवराच्या पूर्वेला, उजळलेल्या पर्वतांमधून सरळ कापत गेलेली ती पट्टी एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही. तिच्या तळातून जाणारी, जेमतेम किलोमीटरभर रुंदीची बारीक घळ मात्र या दुर्बिणीला बहुधा दाद देत नाही. हवा क्षणभर निवळली की ती असल्यासारखी वाटते आणि पुढच्याच क्षणी नसल्यासारखी. पौर्णिमेला तर आणखी चमत्कारिक गोष्ट घडते. सूर्यकिरण जवळजवळ निरीक्षकाच्याच दिशेने पडत असल्यामुळे सावल्या लोपतात, आणि ज्या रात्री चंद्र सर्वांत तेजस्वी असतो त्याच रात्री त्याच्यावरच्या दऱ्याखोऱ्या जवळपास नाहीशा होतात.

यावरून एवढे उघड होते की डोळ्याला मिळते ती खोली नव्हे, तर उजेड आणि अंधार यांची शेजारशेजारची ठेवण. ही ठेवण वाचण्याचा नियम सोपा आहे. सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूचा कडा काळोखात आणि समोरचा कडा उजळलेला असेल तर मधली जागा खोलगट. याच्या उलट सूर्याकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी असेल तर ती टेकडी. न्यायाच्या परिभाषेत सावली हे लिंग, म्हणजे खूण. तिरपा प्रकाश आणि उंच-सखल भूमी यांचा सावलीशी असलेला नित्य संबंध ही व्याप्ती. आणि सकाळच्या उन्हात सह्याद्रीच्या घळी अंधारात असताना समोरची कातळभिंत तांबूस झळकते, हा दृष्टान्त. गॅलिलिओने १६१० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोटेखानी लॅटिन ग्रंथात हेच अनुमान, पृथ्वीवरच्या सूर्योदयाचाच दृष्टान्त देऊन, मांडले आहे.

येथे सावलीचे स्वरूप काय, हा पोटप्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. वैशेषिकांनी अंधार म्हणजे तेजाचा अभाव असे ठरविले. भाट्ट मीमांसकांनी त्याला काळा रंग आणि गती असलेले स्वतंत्र द्रव्य मानले, कारण अंधार सरकताना दिसतो आणि अभाव सरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. चंद्रावर सूर्य तासाला अवघा अर्धा अंश वर चढतो. तरीही तासाभराच्या अंतराने पाहिले असता दरीतल्या सावलीची कड मागे हटलेली, आणि आधी काळोखात असलेला एखादा सुळका उजेडात आलेला आढळतो. हे दृश्य पाहून भाट्टांचा पक्ष का मोहक वाटला असावा ते कळते, तथापि सरकते ती प्रकाशाची सीमा, हे वैशेषिकांचे उत्तरच टिकते. मग निष्कर्ष असा निघतो की चांद्रदरीचे ज्ञान एका अभावाच्या खुणेवरून होणारे ज्ञान आहे.

बौद्ध नैयायिकांना, विशेषतः दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या परंपरेला, हा निष्कर्ष आनंदाने मान्य झाला असता. त्यांच्या मते प्रत्यक्ष हे कल्पनेपासून, म्हणजे नामजातीच्या योजनेपासून, सर्वथा मुक्त असते. तेव्हा काळे-पांढरे तेवढे प्रत्यक्ष, आणि 'ही दरी' हा निश्चय मनाने मागाहून चढविलेला. नैयायिकांनी सविकल्पक, म्हणजे 'हे अमुक आहे' अशा आकाराचे ज्ञानही प्रत्यक्षातच गणले, आणि चौदाव्या शतकातील गंगेशोपाध्यायांनंतरच्या नव्यन्यायाने तर ज्ञानलक्षण-प्रत्यासत्ती नावाचा संनिकर्ष प्रतिपादिला: चंदन दुरून पाहताच ते सुगंधी आहे असे जे जाणवते, त्यात पूर्वीच्या अनुभवाचे ज्ञानच डोळा आणि गंध यांच्यामधला दुवा बनते. सरावलेल्या चंद्रनिरीक्षकाची अवस्था हुबेहूब अशीच असते. नवख्याला डाग दिसतो, मग तो सूर्याची दिशा विचारात घेऊन खोलीचा तर्क करतो. काही महिन्यांच्या अभ्यासानंतर मात्र मधला तर्क गळून जातो आणि खोलीच थेट डोळ्यांपुढे उभी राहते. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने गॅलिलिओच्याही आधी, १६०९ च्या जुलैत, सहापट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून चंद्राचे चित्र काढले, पण त्यात एक वेडीवाकडी सीमारेषा आणि काही छाया यांपलीकडे फारसे काही नाही. गॅलिलिओचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या त्याच्या चित्रांत विवरे आली. त्याच्या दुर्बिणी दरम्यान सुधारल्या होत्या हे खरे, पण आकृती वाचण्याची कला गॅलिलिओकडे चित्रकलेच्या, छायाप्रकाशाच्या अभ्यासातून आधीच आली होती, हे अनेक अभ्यासकांचे मत पटण्यासारखे आहे.

मात्र अभ्यासाने तर्क गळतो त्याच वाटेने भ्रमही शिरतो. म्युनिकच्या फ्रान्झ फॉन ग्रुइटहुइसेन या वैद्यकीतून ज्योतिषाकडे वळलेल्या निरीक्षकाला १८२२ च्या जुलैत, आजच्या हौशी दुर्बिणींहून लहान अशा भिंगाच्या दुर्बिणीतून, चंद्रबिंबाच्या मध्याजवळ माशाच्या काट्यासारखी मांडणी असलेली तटबंदी दिसली, आणि ती चंद्रवासीयांनी उभारलेली प्रचंड वास्तू आहे असे त्याने १८२४ मध्ये छापून जाहीर केले. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता आणि तो लबाडीही करीत नव्हता. मोठ्या दुर्बिणींनी तेथे तुटक कणे आणि त्यांमधल्या उथळ खोलगट जागा दाखविल्या, तेव्हा आधीच्या ज्ञानाचा बाध झाला, म्हणजे नंतरच्या बलवत्तर ज्ञानाने ते रद्द ठरले. शिंपल्याच्या ठिकाणी रुपे दिसावे तशी अन्यत्र पाहिलेली वस्तू येथे भासली, याला नैयायिक अन्यथाख्याती म्हणतात. भारतीय दर्शनांतील भ्रमाच्या ठरलेल्या उदाहरणांत, डोळ्याच्या विकाराने एकाच चंद्राचे दोन दिसणे हेही एक आहे आणि शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यातही ते येते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

आता काचेचा प्रश्न. डोळा वस्तूपर्यंत पोहोचून तिचे ग्रहण करतो, हा न्यायमताचा आग्रह होता, आणि त्यावर न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात असा आक्षेप नोंदविला आहे की काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आड असलेली वस्तूही दिसते, मग डोळा तिथवर पोहोचतो कसा? उत्तर असे की भिंत अडविते, स्वच्छ पदार्थ अडवीत नाहीत. याच संदर्भात आणखी एक आक्षेप पुढे चर्चिला गेला: जवळची झाडाची फांदी आणि दूरचा चंद्र एकाच वेळी कसे दिसतात? डोळ्यातून किरण बाहेर जातात ही कल्पना आज टाकाऊ आहे. परंतु साधनाच्या आड असलेल्या वस्तूचे ज्ञान साधनामुळे बिघडते का, हा त्या चर्चेचा गाभा दुर्बिणीला जसाच्या तसा लागू पडतो. भिंग व आरसा ही भिंतीच्या जातीची नसून काचेच्या जातीची आहेत हे दाखविता आले, की दुर्बिणीतून झालेले ज्ञान प्रत्यक्षाच्या पंक्तीला बसते. आणि ते दाखविण्याचा मार्ग म्हणजे ज्या दूरच्या वस्तूजवळ चालत जाता येते, तिच्याकडे आधी दुर्बीण रोखणे. गॅलिलिओने आणि त्याच्या समकालीनांनी ते केले होते.

युरोपातला वाद दुर्बिणीवर विश्वास बसल्यानंतरही थांबला नाही, ही त्यातली खरी बोधप्रद गोष्ट होय. अॅरिस्टॉटलच्या परंपरेत आकाशस्थ गोल निर्विकार आणि गुळगुळीत मानलेले होते. कार्डिनल बेल्लार्मिनो यांनी १६११ च्या एप्रिलमध्ये रोमच्या जेझुइट महाविद्यालयातील गणितज्ञांना विचारणा केली, तेव्हा त्यांनी गॅलिलिओच्या निरीक्षणांना दुजोरा दिला. पण त्यांच्यातील ज्येष्ठ ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांना चंद्राचा पृष्ठभाग उंचसखल असण्यापेक्षा त्याची घनता ठिकठिकाणी कमीजास्त असणे अधिक संभाव्य वाटले. फ्लॉरेन्सचे लोदोविको देल्ले कोलोंबे याहून पुढे गेले. दऱ्या आहेत, असे त्यांनी मान्य केले. मात्र त्या दऱ्या एका पूर्ण पारदर्शक, स्फटिकासारख्या पदार्थाने काठोकाठ भरलेल्या असून त्याचा बाहेरचा पृष्ठभाग निर्दोष गोल आहे, असे त्यांनी सुचविले. गॅलिलिओने एका कार्डिनलच्या चिटणिसाला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले की कल्पना सुंदर आहे, उणीव फक्त पुराव्याची. आणि असली सूट द्यायचीच तर त्याच अदृश्य स्फटिकाचे, दिसणाऱ्या पर्वतांहून दहापट उंच पर्वत चंद्रावर उभे आहेत असे म्हणण्याची मुभा आपल्यालाही असावी.

या उत्तरातील विनोद पुष्कळांनी वाखाणला आहे, पण त्याची तार्किक मर्यादा क्वचितच सांगितली जाते: गॅलिलिओने स्फटिक नाही हे सिद्ध केलेले नाही, आणि ते तेव्हा सिद्ध करता येण्याजोगेही नव्हते. भारतीय प्रमाणशास्त्र या ठिकाणी अधिक नेमके बोलते. एखाद्या वस्तूचा अभाव ती दिसत नाही एवढ्यावरून कळत नाही, तर ती असती तर दिसलीच असती अशी योग्यता असताना दिसली नाही, तरच कळतो. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. न्यायसूत्रातला स्फटिक हाताला लागतो. कोलोंबेंचा स्फटिक दिसण्याची योग्यताच काढून घेऊन घडविलेला आहे, त्यामुळे त्याचा अभाव सांगता येत नाही आणि भावही. त्याला नाकारण्याचे कारण वेगळे आहे, ते म्हणजे कल्पनागौरव: ज्या गोष्टीवाचून सर्व निरीक्षणांची संगती लागते ती गोष्ट उगाच मानून ज्ञानावर बोजा चढविणे. धर्मश्रद्धेच्या नावाने केलेल्या कित्येक बचावांचा आकार या स्फटिकासारखाच असतो, आणि श्रद्धेला त्याची गरज नव्हती याचा पुरावाही रोममध्येच आहे. गॅलिलिओचा मित्र, चित्रकार चिगोली, याने १६१२ मध्ये सांता मारिया माज्जोरे या चर्चच्या पॉलाइन प्रार्थनामंदिराच्या घुमटात मरियम मातेचे चित्र रंगविले, त्यात तिच्या पायांखालचा चंद्र खड्डे पडलेला, दुर्बिणीत दिसतो तसा आहे. हे मंदिर पोपच्या आज्ञेने उभारलेले होते आणि तो चंद्र आजही तेथे आहे.

भारतीय परंपरेपुढे हा पेच याच रूपात कधी आला नाही. चंद्राला कलंक आहे, त्याला क्षय आहे, दक्षाचा शाप आहे. निर्दोष चंद्राचा आग्रह पुराणांनीही धरलेला नाही. शिवाय बिंब आणि देवता यांत भेद करण्याची सोय होती. शबरस्वामींनी देवतेला शरीर असते हेच नाकारले, तर शंकराचार्यांनी आदित्यादी शब्द तेजोगोलांना लागू असले तरी ते त्या त्या चेतन देवतेचाही बोध करून देतात अशी भूमिका घेतली. दोन्ही पक्षांत दरी पडते ती बिंबावर, देवतेवर नाही. छांदोग्य उपनिषदात यज्ञयाग करणाऱ्यांचे जीव चंद्रलोकी जाऊन पुण्यक्षयानंतर पर्जन्यातून परततात असे वर्णन आहे. याउलट जेझुइट रिच्चोली यांनी १६५१ च्या आपल्या चंद्राच्या नकाशावर, चंद्रावर माणसे राहत नाहीत आणि जीवही तेथे स्थलांतर करीत नाहीत, असे शीर्षभागी छापले. या विरोधाचा निकाल दुर्बीण लावू शकत नाही. जीव हा तिचा विषय नव्हे, आणि श्रुतीचे प्रामाण्य इतर प्रमाणांच्या आटोक्याबाहेरच्या गोष्टींपुरते असते, असे मीमांसकांनीच सांगून ठेवले आहे; अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते मानू नये, इथवर शंकराचार्यांची तयारी होती. आर्यभटाने चंद्राला जलमय म्हटले ते मात्र बिंबाविषयीचे विधान आहे, म्हणून ते तपासता येते आणि चुकीचे ठरते. चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याचा अत्यल्प अंश शोधला, हे २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आर्यभटाचे म्हणणे खरे ठरले असा डंका काहींनी पिटला. तो कोलोंबेंच्या स्फटिकाचाच देशी अवतार होय.

बिंब-देवताभेदाची ही सोय तात्त्विकदृष्ट्या निर्दोष आहे, पण तिची किंमतही मोजावी लागली आहे. दरीने श्रद्धेला धक्काच बसत नसेल तर ती पाहण्याची निकडही कोणाला वाटत नाही. सवाई जयसिंहाच्या ज्योतिषग्रंथात दुर्बिणीतून शुक्राच्या कला आणि गुरूचे चंद्र पाहिल्याचा उल्लेख येतो, तरी त्या निरीक्षणांवरून त्याच्या पदरच्या पंडितांत वाद माजला नाही आणि पुढे कामही झाले नाही. युरोपातले धर्मशास्त्री चिडले, आणि चिडले म्हणून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. समन्वय फार लवकर साधला की जिज्ञासा उपाशी राहते.

तिथी आणि चांद्रदरी यांचा संबंध याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. तेवढ्या काळात चंद्रावरची संधिरेषा, म्हणजे दिवस आणि रात्र यांच्यामधली सीमा, जिला हौशी निरीक्षक टर्मिनेटर म्हणतात, तीही सुमारे बारा अंश सरकते. चंद्राच्या डोलण्यामुळे येणारा काही अंशांचा फरक सोडला, तर पंचांग हेच दरीदर्शनाचे वेळापत्रक ठरते. शुक्ल चतुर्थीला संधिरेषा चंद्राच्या पूर्व रेखांशावर ५४ ते ४२ अंशांच्या दरम्यान असते, आणि चंद्राच्या आग्नेय भागात सुमारे ५१ अंशांवर राइटा ही चारशे किलोमीटरहून अधिक लांब दरी आहे. सतराव्या शतकात दुर्बिणी बनविणाऱ्या एका कॅपुचिन साधूच्या नावाच्या विवरालगत ती आहे आणि प्राचीन आघाताने उडालेल्या खडकांच्या माऱ्यातून ती घडली. कृष्ण चतुर्थीला संधिरेषा पुन्हा याच रेखांशांवर येते, पण आता तेथे सूर्य मावळत असतो. म्हणजे भाद्रपदातील ज्या गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो अशी समजूत आहे, आणि ज्या संकष्टीला चंद्र पाहिल्याखेरीज उपास सुटत नाही, त्या दोन्ही रात्री एकच दरी संधिरेषेवर असते.

प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने या जोडीचे महत्त्व मोठे आहे. शुक्ल चतुर्थीला चंद्रभूमीवरून पाहता सूर्य पूर्वेला असल्यामुळे दरीच्या पूर्वेकडच्या कड्याची सावली तळात पडते, कृष्ण चतुर्थीला पश्चिमेकडच्या कड्याची. क्लाव्हियस म्हणतात तशी ती नुसती घनतेची पट्टी असती, तर काळी बाजू अशी पालटली नसती. एका रात्रीच्या सावलीवरून केलेले अनुमान दुसऱ्या रात्रीच्या उलट्या सावलीने पक्के होते, आणि पुराव्याला दोन्ही चतुर्थ्या लागतात.

निषेध रूढीने भाद्रपदापुरता आहे, आणि त्या महिन्यात महाराष्ट्राचे आकाश बहुधा ढगाळच असते. ज्याला ही पडताळणी करायची आहे त्याने मार्गशीर्षातली विनायकी चतुर्थी आणि तिच्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी येणारी त्याच महिन्यातली संकष्टी निवडावी, दोन्ही रात्री एकाच भिंगातून, शंभर ते दीडशेपट वर्धनाने, दरीची काळी बाजू कागदावर रेखाटून घ्यावी, आणि संकष्टीला अर्घ्य दिल्यावर लगेच दुर्बिणीकडे न वळता निदान दीड तास थांबावे, कारण क्षितिजालगतच्या दाट हवेत चंद्रबिंब थरथरते आणि कडे सुटे दिसत नाहीत.